कटल्याच्या कानातला खडा

शिवऱ्याच्या फाट्यावर, सातारा रस्त्याला लागून, दोन खानावळी आहेत. मधे एक जुनी चिंच आणि चिंचेखाली पंक्चरवाला, एवढंच काय ते अंतर. अलीकडची चंद्राबाईची, पलीकडची तिच्या धाकट्या जावेची, रत्नाची. चंद्राबाईच्या पाटीवर वीतभर अक्षरांत रंगवलंय, 'मूळ सखूबाई खानावळ', आणि त्याखाली लाल रंगात, 'फक्त भाटघर धरणाचा मासा'. रत्नाच्या पाटीवर नुसतं 'रत्ना खानावळ' आणि एक माशाचं चित्र. ते चित्रही असं, की लांबून बघणाऱ्याला वांगं वाटावं.

आणि गाड्या वळायच्या त्या वांग्याकडं.

चंद्राबाई सकाळी अकराला दारातल्या खुर्चीत बसायची ती उन्हं कलेपर्यंत. समोर विळी, हातात कांदा, डोळे चिंचेपलीकडं. पुण्याकडनं एखादी गाडी आली, वेग कमी झाला, वळायचा दिवा लुकलुकला, की तिचा विळीवरचा हात थांबायचा. गाडी तिच्या दारावरनं हळूच पुढं सरकली, की कांद्यावर असा काही हात पडायचा, की आतल्या भाकरी थापणाऱ्या बायका खाली मान घालून हसू दाबायच्या.

"लगीन हाय जनू तिच्याकडं," चंद्राबाई म्हणायची. "अक्षदा टाकायला चाललीत मेली."

वास्तविक दोघी एकाच चुलीवर शिकलेल्या. त्यांची सासू सखूबाई. तिनं दोन वैलांची चूल मांडून, रस्ता एवढा मोठा व्हायच्या आधी, ट्रकवाल्यांना भाटघरचा मासा आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली आणि नाव केलं. चंद्राबाई वेल्ह्याकडली, पासलीची. डोंगरातनं आली, आल्या दिवशी खवलं काढायला बसली. रत्ना नसरापूरची, दहावीपर्यंत शिकलेली, गोड बोलणारी. सखूबाई गेली तसं आठ वर्षांखाली वाटणी झाली. जागा आणि नाव थोरलीकडं राहिलं. धाकटीनं चिंचेपलीकडं पत्र्याची शेड टाकली.

सगळं वाटलं गेलं. एक गोष्ट तेवढी वाटता आली नाही.

सखूबाईच्या घरात रीत होती, की बुधवारी जो सगळ्यात मोठा कटला मासा येईल त्याचं डोकं थोरल्या सुनेच्या ताटात पडायचं. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, डोकं त्याला नाही. म्हातारीनं शेवटच्या आजारपणात दोघींना जवळ बसवून सांगितलं होतं, "चुली दोन करा, जागा दोन करा. बुधवारचं डोकं थोरलीचं, ते मोडू नगा." त्या शब्दाखातर रत्ना दर बुधवारी बाराच्या सुमाराला स्टीलचा डबा घेऊन चिंच ओलांडायची. पदर सावरून डबा पुढं करायची आणि म्हणायची, "अक्का, डोकं आणलंय." आठ वर्षांत एक बुधवार चुकला नव्हता. दोघींत बोलणं म्हणावं तर तेवढंच.

आणि खरं दुखणं त्या डब्यातच होतं. गेल्या दोन वर्षांपासून रत्नाचं कालवण चंद्राबाईच्या कालवणापेक्षा सरस लागत होतं. आधी दोघींचं सारखं लागायचं, दोन वर्षांत हे काय झालं? चंद्राबाई आतल्या खोलीत दार लोटून ते डोकं खायची, बोटानं रस्सा चाटायची, जिभेवर घोळवायची. रत्नीनं मसाल्यात काहीतरी नवीन घातलंय, हे तिनं ठरवून टाकलं होतं. मग तिनं दगडफूल वाढवलं, तीळ भाजून घातले, खोबरं काळंकुट्ट होईस्तोवर परतलं. एकदा तर पासलीला माणूस धाडून डोंगरातली तिरफळं मागवली. गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आज कालवण कडू झालंय." त्या गिऱ्हाइकाला तिनं परत भाकरी वाढली नाही.

"एवढा मासा तिला मिळतो कुठनं?" ती मुलाला, सोमनाथला, विचारायची. सोमनाथ तिशीतला, लग्न झालेला बाप्या, रोज पहाटे मोटरसायकलवर मासा आणायला जायचा. "धरण काय तिच्या परसात हाय? बर्फातला मासा असणार तो. थर्माकोलच्या पेट्यांचा टेम्पो म्या ह्या डोळ्यांनी चिंचेखाली बघितलाय."

"पंक्चर काढायला थांबला हुता आये त्यो."

"तू गप रे."

सोमनाथ गप बसायचा. गप बसणं त्याला आताशा बरं जमायला लागलं होतं.

माघात एके दिवशी भोरची सई आली. भोरातल्या श्रीपादरावांची, कचेरीतल्या साहेबांची मुलगी. पुण्याला माशांवर शिकलेली, आता तिथंच संशोधन करत होती. खांद्याला पिशवी, हातात वही, पायात चिखलानं माखलेले बूट. तिनं सांगितलं, की धरणावरच्या मच्छीमारांची संस्था आता खानावळींना पाटी देणार आहे, 'तपासलेला धरणाचा मासा' अशी. बाहेरचा मासा धरणाचा म्हणून खपतो आणि धरणावरच्या माणसांचं नाव जातं, म्हणून. ज्यांचा मासा तपासणीत खरा निघेल त्यांच्याच दारावर ती पाटी लागणार.

"मासा कुठला ते कळणार कसं गं पोरी?" चंद्राबाई हसली. "त्याला काय आधार कार्ड असतं व्हय?"

"असतं काकू. कानात असतं."

चंद्राबाईनं विळी बाजूला सारली.

सईनं वहीत चित्र काढून दाखवलं. माशाच्या डोक्यात, कानाच्या जागी, तांदळाच्या कणीएवढे पांढरे खडे असतात. मासा वाढतो तसा खडा वाढतो, थरावर थर चढत जातात, झाडाच्या खोडाला वलयं पडतात तसे. ज्या पाण्यात मासा वाढला त्या पाण्यातले क्षार कणाकणानं प्रत्येक थरात बसतात. एकदा बसले की मासा मेला तरी हलत नाहीत. भाटघरचं पाणी डोंगरातनं, काळ्या कातळावरनं येतं. शेततळ्यातलं बहुतेक बोअरचं, जड. यंत्रात खडा घातला की कुठलं पाणी ते कळतं. आणि चिमूटभर मांस तपासलं की मासा काय खाऊन वाढला तेही कळतं. तळ्यात पेंड आणि गोळीखाद्य टाकतात, धरणात कुणी टाकत नाही.

चंद्राबाई शाळेत दुसरीपर्यंत गेलेली, पण मासा तिला सईपेक्षा जास्त दिवस माहीत होता. "पर माशाचं बी तर दोन्हीकडं एकाच ठिकाणचं सोडत्यात," ती म्हणाली. "धरणात बोटाएवढी पिल्लं, बोटुकली, टाकत्यात तीच तळ्यात बी टाकत्यात. मग?"

सईनं तिच्याकडं जरा निराळ्या नजरेनं बघितलं. "बरोबर बोललात. म्हणून रक्ताचं नातं तपासून इथं काही हाती लागत नाही. खड्याचा मधला भागसुद्धा दोघांचा सारखाच निघतो. फरक बाहेरच्या थरांत असतो."

"म्हंजी आत म्हायेर, भाईर सासर."

सई खळखळून हसली आणि ते तिनं वहीत लिहून घेतलं. चंद्राबाईला ते आवडलं. लिहून घेण्यासारखं आपण रोजच बोलतो, पण घरात कुणाला वही नाही, असं तिला वाटलं.

"मग असं कर," ती म्हणाली, "माझा मासा खरा धर आन् बाकीच्यांचा त्याच्यासंगं ताडून बघ."

"तसं नाही चालत काकू. धरणातले मासे मी स्वतः होडीत बसून घेतलेत आणि तळ्यातले तळ्याच्या बांधावर उभी राहून. बाकी सगळे त्यांच्याशीच ताडायचे. प्रत्येकाची चार आठवड्यांची चार डोकी हवीत, कच्ची, मानेचं थोडं मांस असलेली. आणि पुडी कुणाची ते मला सांगायचं नाही, नुसती खूण बांधायची. आधी कळलं की डोळा फितूर होतो."

"आन् तिची?" चंद्राबाईनं हनुवटीनं चिंच दाखवली.

"त्यांच्याकडे जाणारच आहे आता."

"जाऊ नगं. तू गेलीस तर निवडून एक चांगला मासा देईल. माझ्याकडं दर बुधवारी तिचं डोकं येतंच, आमची रीतच हाय. म्या देते ना."

सई जरा घुटमळली. "पण त्यांना सांगा हं."

"सांगते की."

सांगते कसली. चंद्राबाईच्या पोटात उकळी फुटली होती. दोन वर्षं जी खोट तिला दिसत होती आणि पकडता येत नव्हती, ती आता त्या बयेच्याच डब्यातनं बाहेर निघणार होती. रत्नी आपल्या हातानं आपला पुरावा आणून देणार, तोही पदर सावरून!

अडचण एकच होती. डोकं शिजवून यायचं, आणि पाहिजे होतं कच्चं. पुढच्या बुधवारी रत्ना डबा घेऊन आली तेव्हा चंद्राबाईनं छातीवर हात ठेवला.

"रत्ने, एक बोलू का? राग मानू नगंस."

"बोला की अक्का."

"तुझा मसाला मला आताशा बाधतो. रातभर जळजळतं. डाक्टर म्हणाला, दुसऱ्याच्या हातचं तिखट बंद करा. तवा पुढल्या बुधवारपासनं डोकं कच्चंच आण. म्या माझ्या हातानं बेताचं करून घेईन."

सखूबाईच्या सुनेला दुसरीनं तुझा मसाला बाधतो म्हणणं, म्हणजे भर चौकात थोबाडीत मारणं. चंद्राबाई रत्नाच्या तोंडाकडं बघत राहिली. रत्नाचा चेहरा क्षणभर उतरला, नाही असं नाही. मग ती म्हणाली, "बरं अक्का. तब्येत म्होरं, मसाला मागनं."

पुढच्या बुधवारी कच्चं डोकं आलं, हळद-मीठ न लावता, धुऊन स्वच्छ. डब्याच्या झाकणात कागदाची एक पुडी होती. "आमसुलं हाईत," रत्ना म्हणाली. "पाण्यात भिजत घाला आन् सकाळी घ्या. जळजळीला लई गुण येतो."

चंद्राबाईनं पुडी फडताळात भिरकावली. डोकं पिशवीत घालून लाल दोरा बांधला. स्वतःच्या कटल्याच्या डोक्याला हिरवा दोरा बांधला. दोन्ही फ्रीजच्या वरच्या कप्प्यात गेली. असे चार बुधवार झाले. दर वेळी रत्ना डबा न्यायला आली की विचारायची, "गोड लागलं का अक्का?" आणि चंद्राबाई म्हणायची, "लागलं की."

खरं म्हणजे चार बुधवार तिच्या पोटात डोकं गेलं नव्हतं, आणि बुधवार आला की जीभ वळवळायची. मग तिनं ती आमसुलं शोधून काढली आणि भिजवून प्यायली. वाया कशाला घालवायची?

चार बुधवार भरले तशी सई पुड्या घेऊन गेली. चैत्र लागला. चिंचेला कोवळी पालवी आली आणि एका सकाळी सई कागद घेऊन आली. खानावळीत अजून गिऱ्हाईक नव्हतं. सोमनाथ मागं पातेली घासून घेत होता. सईनं टेबलावर कागद पसरला. त्यावर ठिपक्यांचे दोन घोळके होते, एक वर, एक खाली.

"हा वरचा घोळका धरणाचा, मी स्वतः पकडलेल्या माशांचा. हा खालचा तळ्यांचा. आता तुमच्या पुड्या." तिनं पेन्सिलीचं टोक टेकवलं. "एका दोऱ्याचे चारही मासे या वरच्या घोळक्यात बसले. अगदी मधोमध. खड्यात भाटघरचं पाणी, मांसात भाटघरचं खाणं. आणि दुसऱ्या दोऱ्याचे चारही इथं खाली. तळ्यातले. खड्याच्या बाहेरच्या थरांत बोअरचं पाणी, मांसात गोळीखाद्य. शंकेला जागाच नाही."

चंद्राबाईच्या अंगातनं गोड शिरशिरी गेली. "खाली कोन गेलं?" तिनं विचारलं. "लाल ना?"

"नाही काकू. लाल वर. खाली हिरवा."

 बाहेर रस्त्यावर एक ट्रक गेला, टेबलावरची पाण्याची भांडी थरथरली.

"लाल दोरा कुणाचा होता?" सईनं पेन उघडलं. "तेवढं सांगा, म्हणजे पाटी कुणाच्या दारावर ते लिहिते."

ह्या पोरीला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक असलेलं साऱ्या फाट्यावर एकच माणूस होतं, आणि त्या माणसाच्या डोळ्यांपुढं चिंचेपलीकडची वांग्याची पाटी उभी होती. गर्दीची, गाड्यांनी वेढलेली, आणि आता वर सरकारी थाटाची आणखी एक पाटी लावलेली.

"माझा," चंद्राबाई म्हणाली. "लाल माझा."

सईनं लिहून घेतलं. "मग बुधवारी येते. संस्थेचा माणूस पाटी ठोकायला आणते. आणि रत्नाकाकूंना काय सांगायचं ते मी सांगेन, नीट सांगेन."

सई गेली तशी मागच्या दारात सोमनाथ उभा दिसला. हाताला राख, तोंड राखेसारखंच.

"आये, लाल तुझा न्हवता."

"मला ठावं न्हाई व्हय? म्याच बांधला." ती गर्रकन वळली. "मासा कुठनं आणतोस तू?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरायला लागला.

"सोमनाथ!"

"नीरेपलीकडनं. शेततळ्यावरनं. दोन वर्सं झाली."

"आन् गेनबा?"

"गेनबा तात्या त्या दिवसापासनं आपल्याला मासा देतच न्हाई."

त्या दिवसाची आठवण चंद्राबाईला करून द्यावी लागली नाही. गेनबा म्हणजे धरणावरचा जुना माणूस, सखूबाईच्या वेळेपासनं घरात मासा घालणारा. दोन वर्षांखाली एका दुपारी तो उशिरा आला. धरणावर वारं होतं, होडी काठाला लागेना. इकडं पंगत बसलेली. चंद्राबाईच्या जिभेचा दांडपट्टा सुटला आणि साऱ्या पंगतीसमोर ती म्हणाली, "नसरापूरच्या बाजारातला कालचा बर्फातला मासा धरणाचा म्हणून माझ्या गळ्यात मारतोस व्हय रे?" गेनबानं माशांची पाटी खाली ठेवली होती. पाटीत एक कटला अजून शेपूट हलवत होता. त्यानं त्या कटल्याकडं बघितलं, पाटी परत डोक्यावर घेतली आणि गेला.

"पर दुसऱ्या दिशी तू मासा आणलास की," चंद्राबाई म्हणाली.

"तू म्हणालीस, 'आला ना गेनबा वठणीवर?' म्या मान डोलावली. तू पुन्यांदा इचारलंच न्हाईस."

"आन् गेनबाचा मासा?"

"काकीकडं जातो." तो थांबला, मग उरलेलंही सांगून टाकलं. "काकीला सगळं ठावं हाय. पयल्याच आठवड्यात तिनं माझी पिशवी बघितली, कल्ल्यावरनं वळखलं. म्हणाली, 'सोमा, अक्कांना सांगू नगं, त्यांना लई लागंल. म्या बुधवारचं डोकं धाडतेच, तेवढं तरी धरणाचं त्यांच्या पोटात जाईल.'"

चंद्राबाईनं मसाल्याचा डबा ओढला आणि झाकण उघडलं.

मसाला नव्हता तर! दगडफूल नाही, तीळ नाही, तिरफळ नाही. दोन वर्षं ती रत्नाच्या मसाल्यावर जळत होती आणि तिला सरस लागत होतं ते भाटघरचं पाणी. जिभेला कळलं होतं, डोक्याला कळलं नाही. पण ह्याहून जास्त जे झोंबलं ते दुसरंच. दोन वर्षं ती बया सारं मनात ठेवून होती. दर बुधवारी पदर सावरून येत होती आणि आत कीव करत होती. पोटात घातलं म्हणे! हिला कुणी सांगितलं होतं पोटात घालायला?

तीन दिवस तिनं सोमनाथशी अबोला धरला. खोटं बोललं ते बोललं. आता मागं फिरायचं म्हणजे रत्नीपुढं पदर पसरायचा. पाटी दारावर चढली की चढली, रत्नी तोंड उघडणार नाही. उघडलं तर लोक म्हणतील, जळते थोरलीवर. ह्या विचारानं चंद्राबाईला जरा हुशारी आली. तिनं दारापुढं सडा घालून घेतला आणि बुधवारी इरकली लुगडं नेसून खुर्चीत बसली.

बाराला सई आली. तिच्या मागनं, बगलेत निळी पाटी आणि हातात हातोडी घेऊन, गेनबा आला.

 संस्थेचा माणूस म्हणजे गेनबा असेल हे चंद्राबाईच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

"गेनबा तात्या संस्थेतले सगळ्यात जुने," सई म्हणाली. "त्यांच्याच हातानं पाटी लागावी असं ठरलंय. तात्या, इथंच, ह्या दारावर."

गेनबानं दाराकडं बघितलं, पाटीकडं बघितलं. "हितं?" तो म्हणाला. एवढा एकच शब्द. सखूबाईच्या दारात दोन वर्षांनी बोललेला.

तेवढ्यात चिंच ओलांडून रत्ना आली. हातात डबा. सईनं तिला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात काहीतरी सांगितलं. 'तळ्यातला' एवढा शब्द चंद्राबाईला ऐकू आला. रत्नानं एकवार थोरल्या जावेकडं बघितलं. सगळं बघितलं तिनं, लुगडं, सडा, खुर्ची. मग ती गेनबाकडं वळली आणि शांतपणे म्हणाली, "ठोका तात्या. अक्कांच्याच दारावर ठोका. सासूबाईंचं नाव हाय तिथं. माझं काय, मला गिऱ्हाईक हाय."

गेनबानं एक सुस्कारा सोडला, स्टूल ओढलं आणि वर चढला. खिळा चौकटीला टेकवला.

चंद्राबाई बघत होती. आता एक घाव पडला की झालं. पाटी तिची. आणि मग मरेपर्यंत रोज, त्या पाटीखाली, रत्नीच्या उपकाराखाली बसायचं. गाडी तिच्याकडं वळली तरी ती रत्नीनं वळवलेली. लोकांत मान मिळाला तरी तो रत्नीनं वाढलेला. गिऱ्हाईक तर तिच्याकडं होतंच, मासाही होता. आता मोठेपणही तिचंच? सगळंच तिनं घ्यायचं?

"खाली उतर गेनबा!"

हातोडी वरच्या वर राहिली.

"उतर म्हणते ना. लाल दोरा माझा न्हवता. तिचा हुता. हिरवा माझा." चंद्राबाईचा आवाज पार पंक्चरवाल्यापर्यंत गेला. "सई, लिहून घे, ही चंद्राबाई खोटं बोलली म्हणून लिही. तळ्यातला मासा हितं शिजतो, दोन वर्सं शिजतो, आन् का शिजतो ते ह्या गेनबाला इचार. पाटी तिच्या दारावर ठोक. मला कुणाची भीक नगं. तुझी तर मुळीच न्हाई गं रत्ने. लई मोठी झालीस, सखूबाईच्या वर झालीस!"

सईचं पेन हातातच राहिलं. रत्नाला राग येईल असं सगळ्यांना वाटलं. पण रत्ना भलतंच बोलली.

"म्हंजी अक्का, ती कच्ची डोकी तुमी दोरे बांधून हिला दिली? खाल्लीच न्हाईत?"

चंद्राबाईनं लुगड्याचा काठ सारखा केला.

"म्या इचारायची, गोड लागलं का. तुमी म्हणायच्या, लागलं." रत्नाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मानाचं डोकं हुतं ते. चोराचा माल तपासावा तसं तपासलंत."

दोन वर्षांत पहिल्यांदाच रत्ना तिच्याशी जोरानं बोलली होती. चंद्राबाईला का कोण जाणे, ते बरं वाटलं. कीव करणाऱ्या बाईला काय उत्तर द्यावं ते तिला सुचत नव्हतं. भांडणाऱ्या जावेला देता येत होतं.

"आमसुलं खाल्ली," ती म्हणाली.

रत्नाच्या तोंडावर रडू आणि हसू एकदम आलं. तिनं पदरानं तोंड झाकलं.

गेनबा स्टुलावरनं उतरला. पाटी बगलेत मारून चिंचेकडं चालायला लागला. चंद्राबाईनं हाक मारली, "गेनबा." तो थांबला, पण वळला नाही.

"त्या दिशी पाटीत कटला शेपूट हालवत हुता. म्या बघितला हुता."

गेनबानं पाटी ह्या बगलेतनं त्या बगलेत घेतली.

"उद्या सकाळी धरणावर येते. सोमनाथ न्हाई, म्या येते. द्यायचा तर दे मासा, न्हाईतर होडीतनं ढकलून दे."

"तुमी बुडायच्या न्हाई," गेनबा पाठमोराच म्हणाला. "पाणीच घाबरून काठाला यील." आणि पुढं गेला.

रत्नाच्या दारावर ठोकाठोक सुरू झाली. चंद्राबाईनं सोमनाथला चुन्याचा डबा आणि कुंचा आणायला लावला. स्टुलावर ती स्वतः चढली, इरकली लुगड्यानिशी. पाटीवरच्या लाल ओळीवर तिनं चुना फासला. वरचं 'मूळ सखूबाई खानावळ' तेवढं राहिलं. चुना तिच्या हातावर, नाकावर, लुगड्याच्या काठावर सांडला. सई हात द्यायला पुढं आली, तिला चंद्राबाई म्हणाली, "तू तुझे ठिपके बघ."

खाली उतरून ती खुर्चीत बसली. रत्ना अजून तिथंच होती, डबा छातीशी धरून.

"आण इकडं."

"कच्चं न्हाई आज. चार-पाच बुधवार कच्चं झालं म्हणून म्या शिजवून आणलंय. तुमाला बाधंल."

"आण म्हणते ना."

चंद्राबाईनं आतल्या खोलीत जाऊन दार लोटलं नाही. तिथंच, दारात, सगळ्यांदेखत तिनं डबा उघडला. डोकं मोठं होतं. तिनं कल्ल्याजवळचं मांस सोडवलं आणि तोंडात घातलं. डोळे मिटले. मसाला सखूबाईचाच होता. तोच, जसाच्या तसा, चिमूट इकडं नाही, चिमूट तिकडं नाही. आणि त्याच्या आत, खाली कुठंतरी, थंड, काळ्या कातळावरनं आलेलं पाणी होतं. तिच्या जिभेला ते दोन वर्षांपासनं माहीत होतं.

रत्ना वाट बघत उभी होती.

"मीठ कमी हाय," चंद्राबाई म्हणाली.

"बरं अक्का. पुढल्या बुधवारी बघते."

तेवढ्यात पुण्याकडनं एक मोठी पांढरी गाडी आली. वेग कमी झाला, वळायचा दिवा लुकलुकायला लागला. चंद्राबाईचा डब्यातल्या डोक्यावरचा हात थांबला. गाडी तिच्या दारावरनं, ताज्या चुन्याच्या पाटीसमोरनं, सरकत पुढं गेली आणि चिंचेपलीकडं नव्या निळ्या पाटीखाली उभी राहिली.

"जा बाबा, जा," भरल्या तोंडानं चंद्राबाई म्हणाली, "वांगं खा." आणि डोक्याच्या आत बोट घालून ती कानाजवळचा खडा शोधायला लागली.